सहावा उंदीर

मागच्या मे महिन्यात एका रात्री साडेअकराला मावसबहिणीने व्हॉट्सॲपवर एक एक्सेल फाइल पाठवली. खाली लिहिलं होतं, "दादा, एवढं स्टॅट्स करून देशील? सोमवारी सरांना दाखवायचंय."

घरात एक सॉफ्टवेअर इंजिनिअर असला की तो सगळ्यांच्या कामाला येतो. प्रिंटर बंद पडला, आधार लिंक होत नाही, मामाचा फोन हँग झाला, लावा दादाला फोन. त्यामुळे फारसा विचार न करता मी फाइल उघडली. पाच रकाने, प्रत्येकात सहा आकडे. रकान्यांवर गटांची नावं आणि डाव्या बाजूला सहा विचित्र अक्षरं : एच, बी, टी, एचबी, बीटी, एचटी.

मी विचारलं, "हे काय आहे?"

"उंदीर आहेत," ती म्हणाली.

ती तेव्हा एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला होती. विषय होता एका औषधी वनस्पतीचा अर्क जठराच्या अल्सरपासून संरक्षण देतो का, हे तपासणं. वनस्पतीचं नाव मी इथे लिहीत नाही. तो डेटा माझा नाही, आणि पूर्णपणे तिचाही नाही. ते पुढे येईलच. आपल्याकडे शेताच्या बांधावर उगवणारं झाड आहे आणि पित्तावर त्याचा काढा द्यायची पद्धत आहे, एवढं पुरे.

अक्षरांचा अर्थ तिने सांगितला. पांढरे उंदीर सगळे सारखे दिसतात. म्हणून पिक्रिक ॲसिडच्या पिवळ्या रंगाने खुणा करतात. एच म्हणजे डोक्यावर खूण, बी म्हणजे पाठीवर, टी म्हणजे शेपटीवर. एचबी म्हणजे डोकं आणि पाठ. एचटी म्हणजे डोकं आणि शेपूट. अशा सहा खुणा सहज होतात, म्हणून की काय, गटात सहाच उंदीर. (सहाच का, हे मी नंतर तिला आणि तिच्या दोन मैत्रिणींना विचारलं. तिघींचं उत्तर एकच : "सगळे सहाच घेतात.")

प्रयोग ऐकायला सोपा आहे. उंदरांना चोवीस तास उपाशी ठेवायचं. या काळात त्यांना जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात ठेवतात, कारण भुकेला उंदीर स्वतःची विष्ठा खातो आणि मग जठर रिकामं राहत नाही. दुसऱ्या दिवशी टोकाला गोल मणी असलेल्या सुईने, तोंडातून थेट जठरात, एका गटाला नुसतं पाणी, एका गटाला ओमेप्राझोल, एका गटाला कमी डोसचा अर्क आणि एका गटाला जास्त डोसचा. तासाभराने त्याच मार्गाने निव्वळ अल्कोहोल. आणखी तासाभराने भुलीचं औषध जास्त प्रमाणात देऊन मारायचं, जठर बाहेर काढायचं, उघडून पसरायचं आणि भिंगाखाली जखमा मोजायच्या. लाल रंग आला असेल तर अर्धा गुण, ठिपक्याएवढा व्रण असेल तर एक, रक्ताळलेली रेघ दिसली तर दीड. बेरीज केली की अल्सर इंडेक्स. पाचवा गट निरोगी उंदरांचा. त्यांना अल्कोहोल देत नाहीत, तुलनेसाठी मारतात मात्र.

उंदराला उलटी करता येत नाही, हे मला त्या रात्री कळलं. आपण काही भलतंसलतं प्यायलो तर शरीर ते बाहेर फेकतं. उंदराच्या शरीरात ती सोयच नाही. जे आत गेलं ते आतच राहणार.

मी कोड लिहिला. दहा मिनिटांचं काम. अडचण आली ती जास्त डोसच्या गटात. आकडे असे होते : ३, ४.५, ३.५, ५, ३ आणि ९. नुसतं पाणी आणि मग अल्कोहोल मिळालेल्या उंदरांची सरासरी ६.५. म्हणजे पाच उंदरांमध्ये अर्काने छान काम केलंय, आणि सहावा, एचटी, काहीच न दिलेल्या उंदरांच्या सरासरीहूनही वाईट अवस्थेत. त्याच्यासकट गटाची सरासरी ४.६७ आणि फरक 'सिग्निफिकंट' नाही. तो वगळला तर सरासरी ३.८, आणि पी व्हॅल्यू ०.०५ च्या खूप खाली.

मी तिला तसंच कळवलं. पाच मिनिटं 'टायपिंग...' दिसत राहिलं. मग मेसेज आला, "एचटी काढला तर?"

*

इथपर्यंतची गोष्ट अनेकांनी अनुभवली असेल. डेटातली एक नको असलेली ओळ काढून टाकायचा मोह फक्त फार्मसीत होत नाही. आमच्याकडे डेमोच्या आदल्या रात्री एक टेस्ट सारखी फेल होत असेल तर ती 'फ्लेकी' आहे असं जाहीर करून तिला स्किप करतात. मीही केलंय. त्यामुळे मी लगेच नैतिकतेच्या टेकडीवर चढलो नाही. मी विचारलं, "त्या उंदराच्या बाबतीत काही वेगळं घडलं होतं का?"

ती म्हणाली, "मला वाटतं तो फार धडपडत होता. अर्क देताना थोडा तोंडातून बाहेर आला असावा."

"वहीत लिहिलंस?"

"नाही."

"बाकीच्या पाचांपैकी कुणाचा आला नाही?"

यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दादा, तीस उंदीर होते. सगळे आठवत नाहीत. हा आठवतोय, कारण याचा आकडा वाईट आलाय."

हे वाक्य तिने सहज म्हटलं, पण मला ते अजून पुरलेलं नाही. आठवण अशी गरजेनुसार जागी होते. आणि ते ओळखून कबूल करणं, तेही सोमवारी सरांसमोर उभं राहायचं असताना, सोपं नव्हतं.

सोमवारी सरांना सगळं दाखवलं. ते काही वाईट माणूस नव्हेत. त्यांनी उंदीर वगळ असं सांगितलं नाही. ते म्हणाले, "संख्या कमी पडतेय. आणखी सहा घेऊन बघ."

तिने मला संध्याकाळी फोन केला तेव्हा मी हिशेब करून सांगितलं की सहा पुरणार नाहीत. नव्या दिवशीच्या उंदरांची तुलना जुन्या दिवशीच्या उंदरांशी करता येत नाही. त्याच दिवशीचा कंट्रोल गट हवा. म्हणजे बारा.

मग आमच्या दोघांच्याही लक्षात आलं की आपण कुठे येऊन पोचलोय. खोटं बोललं, म्हणजे एक ओळ डिलीट केली, तर एकही जीव जात नाही. खरं शोधायचं तर बारा जातात.

लहानपणापासून सत्य आणि अहिंसा हे शब्द आपण जोडीनेच ऐकलेत, एका दमात, गांधीजींच्या फोटोखाली. ते एकमेकांच्या समोर उभे ठाकतील आणि त्यातला एक निवडावा लागेल, असं शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

*

उंदीर मारणंच चूक, असं म्हटलं की हा पेच सुटतो. तसं मानणाऱ्या लोकांबद्दल मला आदर आहे. पण मला ते म्हणता येत नाही. एक कारण बहिणीनेच तोंडावर फेकलं : "रविवारी मटण खातोस आणि उंदरांसाठी रडतोस?" दुसरं कारण आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे. बाबा रोज सकाळी चहाच्या आधी पँटोप्राझोल घेतात. रिलीजच्या आठवड्यात रात्रीअपरात्री वडापाव खाऊन मीही घेतलेली आहे.

एकेकाळी अल्सरवर फारसा इलाज नव्हता. पथ्य, दूध, अँटासिड, आणि फारच झालं तर ऑपरेशन : जठराचा भाग कापून टाकणं, नाही तर आम्लाचा संदेश नेणारी नस तोडणं. हे बदलायला सुरुवात झाली ती जेम्स ब्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे. जठरातलं आम्ल वाढवणाऱ्या हिस्टामिनची वाट अडवणारं औषध त्यांनी शोधलं. त्यातून सिमेटिडीन आलं आणि १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात पोचलं. ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. या शोधाच्या वाटेवर भूल दिलेल्या उंदरांच्या जठरातलं आम्ल पुन्हा पुन्हा मोजलं गेलं. त्या उंदरांचं मरण फुकट गेलं असं मी म्हणू शकत नाही. बाबांची सकाळ त्यांच्यावर उभी आहे.

पण याच आजाराची दुसरी गोष्टही आहे. ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना जठरात एक वाकडा जिवाणू सापडला, हेलिकोबॅक्टर पायलोरी. अल्सरमागे तो आहे, असं त्यांचं म्हणणं. मार्शल यांनी डुकराच्या पिल्लांना तो देऊन पाहिला, त्यांना काही झालं नाही. शेवटी १९८४ मध्ये ते स्वतःच त्या जिवाणूंचं कल्चर प्यायले. आधी दुर्बिणीने तपासून जठर निरोगी असल्याची खात्री करून घेतली होती. काही दिवसांत मळमळ, उलट्या, आणि पुन्हा तपासणी केली तेव्हा जठराला सूज. (अल्सर झाला नाही. फॉरवर्ड्समध्ये झाला असं सांगतात.) २००५ मध्ये दोघांना नोबेल. आज या जिवाणूमुळे झालेला अल्सर काही दिवसांच्या अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी बरा होतो.

आता बहिणीच्या उंदरांकडे पाहा. त्यांच्या जठरात तो जिवाणू नाही. त्यांचा अल्सर महिनोन् महिने वेदनाशामक गोळ्या घेऊन आलेला नाही. तासाभरात अल्कोहोलने भाजल्याची ती जखम आहे. आणि अर्क दिला तो जखमेच्या आधी. दवाखान्यात माणूस येतो तो जखम झाल्यावर. याच विषयातलं आणखी एक जुनं तंत्र म्हणजे जठराचं खालचं तोंड दोऱ्याने बांधायचं आणि आतल्या आम्लाने व्रण पडू द्यायचे. शे आणि सहकाऱ्यांनी ते १९४५ मध्ये मांडलं. त्यात व्रण पडतात ते मुख्यतः उंदराच्या जठराच्या पुढच्या, ग्रंथी नसलेल्या भागात. माणसाच्या जठराला तो भागच नाही.

म्हणून हे प्रयोग निरर्थक ठरतात का? नाही. एखाद्या अर्कात काही दम आहे का, याची पहिली चाचपणी म्हणून त्यांचा उपयोग आहे. आमच्या भाषेत स्मोक टेस्ट. पण स्मोक टेस्ट पास झाल्यावर पुढची टेस्ट करायची असते. इथे पुढे काय होतं? मी बहिणीला विचारलं, "समजा तुझा अर्क उत्तम चालला असता, तर पुढचं पाऊल कोण टाकणार होतं?"

"पुढचं म्हणजे?"

"म्हणजे त्यातला नेमका घटक वेगळा काढणं, माणसांवर चाचणी."

ती हसली. "दादा, हा माझा पार्ट आहे. चार महिन्यांचा. पुढचं कुणाचंच नाही."

ज्येष्ठमधाची वाट उलटी होती. १९४० च्या दशकात नेदरलँड्समध्ये रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की ज्येष्ठमधाच्या अर्काने अल्सरच्या रुग्णांना आराम पडतो, पण काहींच्या अंगावर सूजही येते. त्यातल्या घटकापासून ब्रिटनमध्ये कार्बेनॉक्सोलोन तयार झालं. १९६२ मध्ये रिचर्ड डॉल यांनी माणसांवर रीतसर चाचणी घेऊन दाखवलं की जठराचा अल्सर त्याने लवकर भरतो. रक्तदाब वाढणं, पोटॅशियम कमी होणं हे दोषही उघडे पडले, आणि सिमेटिडीन आल्यावर ते मागे पडलं. यश म्हणा, अपयश म्हणा, पण प्रश्न शेवटापर्यंत विचारला गेला. त्याची सुरुवात कुणाच्या तरी पोटदुखीपासून झाली होती, अभ्यासक्रमातल्या 'प्रोजेक्ट वर्क'पासून नाही.

*

कायदा याबाबत गप्प आहे असं नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्रयोगांसाठी समितीची तरतूद आहे. प्रयोग टाळता येत असेल तिथे टाळा, निव्वळ हात बसावा म्हणून शक्यतो करू नका, असं तो सांगतो. प्रत्येक संस्थेची नीतिसमिती असते, तिच्यासमोर अर्ज करावा लागतो. बहिणीनेही केला होता. त्यात संशोधकाला एका वाक्याखाली सही करावी लागते : हा प्रयोग पूर्वी झालेल्या संशोधनाची अनावश्यक पुनरावृत्ती नाही.

तिने सही केली होती, आणि ती खोटी नव्हती. त्या झाडाच्या पानांवर काम झालं होतं, सालीवर नव्हतं. पाण्यातल्या अर्कावर झालं होतं, अल्कोहोलमधल्या नव्हतं. माझ्यातला इंजिनिअर इथे थांबला आणि त्याने गुणाकार केला. झाडाचे पाच भाग धरा : मूळ, साल, पान, फूल, फळ. द्रावक चार. व्रण पाडायच्या पद्धती चार. एका झाडाचे ऐंशी प्रबंध झाले. प्रत्येकात तीस उंदीर, म्हणजे चोवीसशे. एकही प्रबंध दुसऱ्याची पुनरावृत्ती नाही. आणि चोवीसशे उंदरांनंतरही बाबांना ती पानं द्यायची की नाही, हे कुणालाच सांगता येणार नाही.

रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी तीन गोष्टी सांगितल्या. पर्याय असेल तर प्राणी वापरू नका, कमीत कमी वापरा, कमीत कमी त्रास द्या. यातलं 'कमीत कमी' फसवं आहे. सहा म्हणजे कमी, म्हणून चांगलं, असं वाटतं. पण एक उंदीर धडपडला आणि सगळा निष्कर्ष हलला, इतके ते कमी होते. म्हणजे वाचवलेल्या उंदरांपायी मेलेले उंदीर वाया. संख्याशास्त्राच्या पुस्तकात हा धडा 'सॅम्पल साइझ' नावाने कोरडेपणाने येतो. तो दयेचा धडा आहे, हे मला एचटीने शिकवलं.

बहिणीच्या मटणाच्या प्रश्नाला माझं उत्तर हळूहळू तयार झालं. बोकड कापतो तो खाण्यासाठी, आणि खातो. त्यात बरंवाईट काय ते उघड्यावर आहे. उंदीर मारतो तो एक गोष्ट कळावी म्हणून. तर ती कळून घेतली पाहिजे, जशी आली तशी. एचटीची ओळ पुसली तर त्याला ज्या कारणासाठी मारलं ते कारणच आपण पुसतो. त्याने दिलेलं उत्तर आपल्याला आवडलं नाही, एवढाच त्याचा दोष.

ती म्हणाली, "मग बारा आणखी मारू?"

आणि इथे माझं ते तयार उत्तर अडकलं. कारण बारा मारून जे कळेल ते कुणाला हवं होतं? पेशंटला नाही, कंपनीला नाही. फक्त प्रबंधातल्या तक्त्यावर एक तारा हवा होता, पी व्हॅल्यूच्या डोक्यावरचा. खरं शोधायचं म्हणून मारणं, आणि तारा हवा म्हणून मारणं, हे बाहेरून अगदी एकसारखं दिसतं. तीच सुई, तेच भिंग.

*

तिने दोन्ही केलं नाही. तीसच्या तीस आकडे ठेवले. 'जास्त डोसच्या गटात घट दिसली, पण ती संख्याशास्त्रीयदृष्ट्या सिग्निफिकंट नाही' असं लिहिलं. सर नाराज झाले, पण अडवलं नाही. व्हायव्हाच्या आदल्या रात्री ती झोपली नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी झाडाची ओळख पटवल्याचं वनस्पतिशास्त्रज्ञाचं प्रमाणपत्र मागितलं, दोन ठिकाणची स्पेलिंगं दुरुस्त करायला सांगितली. एचटीचा विषयच निघाला नाही.

मला वाटलं, झालं, छान झालं. माझं चुकलं.

पेपर पाठवायची वेळ आली तेव्हा कळलं की 'सिग्निफिकंट नाही' असा निकाल छापायला कुणी उत्सुक नसतं. दोन जर्नल्सकडून परत आला. मी म्हटलं, डेटा ऑनलाइन टाकून दे, फुकट होतं. ती म्हणाली, "सरांची परवानगी लागेल, कॉलेजचा डेटा आहे." सर म्हणाले, बघू. ते 'बघू' अजून चालू आहे. प्रबंधाची काळ्या बाइंडिंगची प्रत कॉलेजच्या कपाटात आहे.

म्हणजे खरं बोलूनही उंदीर वाचले नाहीत. ते कपाट बाहेरच्या कुणाला दिसत नाही. उद्या दुसऱ्या गावातली कुणी मुलगी हेच झाड, हीच साल, हाच द्रावक निवडेल. शोध घेईल, काही सापडणार नाही, आणि 'अनावश्यक पुनरावृत्ती नाही' याखाली अगदी प्रामाणिकपणे सही करेल. तीस पांढरे उंदीर, पिवळ्या खुणा. फाइल माझ्या लॅपटॉपवर पडून होती आणि मी रोज ऑफिसला जात होतो. ओपन सोर्सवर मित्रांशी तावातावाने भांडणारा मी.

२०२३ मध्ये आपल्याकडे नव्या औषधांच्या नियमांत बदल होऊन प्राण्यांऐवजी पेशी, चिपवरचे अवयव असल्या पद्धतींनाही जागा मिळाली. ही मोठी गोष्ट आहे. पण ते नवं औषध बाजारात आणणाऱ्यांसाठी. बहिणीच्या कॉलेजात पेशी वाढवायची सोय नाही. उंदीर ठेवायची आहे.

ती आता ठाण्याला नोकरी करते, कागदपत्रं तपासायचं काम, उंदीर नाहीत. गेल्या महिन्यात फोन आला. "दादा, ती फाइल आहे ना तुझ्याकडे? सरांकडे नवीन मुलगी आलीय. तेच झाड, या वेळी मूळ. माझा प्रोटोकॉल मागतेय."

"मग काय देणार?"

"सगळंच देते. तिला तरी कळू दे."

मी फाइल पाठवली. तासाभराने तिने तीच फाइल मला परत पाठवली, तपासून बघ म्हणून. तीस ओळी जशाच्या तशा होत्या. उजवीकडे 'शेरा' नावाचा एक नवा रकाना होता आणि तो जवळजवळ सगळा रिकामा होता. फक्त जास्त डोसच्या गटातल्या एचटीपुढे तिने लिहिलं होतं : अर्क देताना थोडा बाहेर आला असावा. तेव्हा नोंद केली नाही. खात्री नाही.